ढिगाऱ्याला दगडाचा मान देणारा स्थपती

राडारोडा म्हटले की शहरवासीयांच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या तोंडाशी किंवा खाडीकाठी रात्रीतून रिकामे झालेल्या ट्रकांचे चित्र. इमारत उभी असेपर्यंत ती मालमत्ता असते. ती पडली की तिच्या विटा, तिचे खांब, तिचे स्लॅब क्षणात कचरा ठरतात. उत्तर फ्रान्समधील ल हाव्र या बंदराच्या शहराने मात्र आपला राडारोडा फेकून दिला नाही. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले हे शहर पुन्हा उभारताना पडलेल्या घरांचे तुकडे फोडून, चाळून नव्या घरांच्या काँक्रीटमध्ये मिसळले गेले. या पुनर्निर्माणाची धुरा ज्यांच्याकडे होती, त्या ऑग्युस्त पेरे यांचे वय तेव्हा ७१ वर्षांचे होते. काँक्रीट हाही दगडच आहे, फक्त तो माणसाने घडवलेला आहे, असे ते आयुष्यभर मानत आले होते. ती निष्ठा त्यांना कोठून मिळाली आणि आयुष्याच्या अखेरीस तिची कसोटी कशी लागली, याची ही कहाणी आहे.

ऑग्युस्त पेरे यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७४ रोजी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सलगतच्या इक्सेल येथे झाला. कुटुंब मात्र मूळचे फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचे. वडील क्लोद-मारी पेरे हे पाथरवट. १८७१च्या पॅरिस कम्यूनच्या उठावात ते सामील झाले आणि उठाव चिरडला गेल्यावर शिक्षा टाळण्यासाठी त्यांना देश सोडावा लागला. १८८०मध्ये फ्रान्स सरकारने कम्यूनमधील बंडखोरांना सर्वसाधारण माफी दिली. त्यानंतर हे कुटुंब पॅरिसला परतले आणि वडिलांनी बांधकामाचा व्यवसाय सुरू केला. ऑग्युस्त, गुस्ताव्ह आणि क्लोद हे तिघे भाऊ दगड, चुना आणि लाकूड यांच्याच सहवासात वाढले. मध्ययुगीन वास्तूंच्या रचनेमागील तर्क उलगडून दाखवणारे व्हियोले-ल-द्युक यांचे ग्रंथ ऑग्युस्त यांच्या हाती लहान वयातच पडले. वास्तूचे सौंदर्य तिच्या अंगावरील नक्षीत नसून तिच्या सांगाड्यात असते, हा धडा त्यांनी तेथून घेतला आणि तो कधी विसरले नाहीत.

१८९१मध्ये त्यांनी पॅरिसच्या एकोल दे बोझार या नामांकित कलाशाळेत प्रवेश घेतला. ज्युलियें गादे हे त्यांचे गुरू. विद्यार्थी म्हणून ते हुशार होते, त्यांना पारितोषिकेही मिळाली; परंतु पदविका न घेताच ते बाहेर पडले आणि वडिलांच्या व्यवसायात दाखल झाले. नकाशा काढणारा स्थपती आणि प्रत्यक्ष बांधणारा कंत्राटदार यांच्यात त्या काळी मोठी भिंत होती. पेरे यांनी ती आयुष्यभर मानली नाही. आपण आधी बांधणारे आहोत आणि मग स्थपती, हीच त्यांची स्वतःविषयीची धारणा राहिली. पुढे जगभर कीर्ती झाल्यावरही सिमेंट, वाळू आणि खडीचे प्रमाण हा विषय त्यांना कमी प्रतीचा वाटला नाही.

पोलादी सळयांचे काँक्रीट हे तेव्हा नवखे साहित्य होते. कारखाने, गोदामे आणि पूल यांच्यासाठी ते चालत असे. प्रतिष्ठित वस्तीतील घरासाठी त्याचा विचार फारसे कोणी करत नसे. अशा वेळी पेरे यांनी १९०३-०४मध्ये पॅरिसच्या र्यू फ्रँकलिन या रस्त्यावर काँक्रीटच्या सांगाड्यावर उभी असलेली निवासी इमारत बांधली. भार खांब आणि तुळया घेत असल्याने भिंती हलक्या झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या आणि आतील खोल्यांची मांडणी मोकळी झाली. या इमारतीचे काँक्रीट मात्र उघडे नव्हते. ते पाना-फुलांच्या नक्षीच्या चिनीमातीच्या फरश्यांखाली झाकलेले होते. नव्या साहित्याला लोकांसमोर आपल्या खऱ्या रूपात यायला अजून वेळ होता. १९०५मध्ये वडिलांचे निधन झाले आणि भावांनी पेरे बंधू या नावाने व्यवसाय पुढे नेला. १९१३मध्ये पूर्ण झालेल्या शाँझेलिझे नाट्यगृहाने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. या नाट्यगृहाचे काम आधी बेल्जियन कलावंत हेन्री व्हान द वेल्द यांच्याकडे होते. काँक्रीटच्या सांगाड्याचे कंत्राट मिळालेल्या पेरे यांनी हळूहळू आराखडाच आपल्या हाती घेतला आणि त्यावरून कडवट वाद झाला. स्वभावाने ते मवाळ नव्हते, हे त्यातून दिसते.

याच सुमारास, १९०८-०९मध्ये, एक स्विस तरुण त्यांच्या कार्यालयात अर्धवेळ काम करत होता. हाच तरुण पुढे ल कॉर्बुझिए या नावाने विख्यात झाला. काँक्रीटची पहिली ओळख त्याला पेरे यांच्याकडे झाली. पुढे गुरू-शिष्यांचे मार्ग वेगळे झाले. खिडकी माणसासारखी उभी असावी, असे पेरे मानत, तर ल कॉर्बुझिए यांनी आडव्या लांब खिडकीचा पुरस्कार केला. तरीही चंदीगडच्या सचिवालयात आणि उच्च न्यायालयात दिसणाऱ्या उघड्या काँक्रीटची वंशावळ शोधत मागे गेले, तर पेरे यांच्या कार्यालयाचा उंबरठा लागतो.

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या उपनगरातील ल रँसी या गावी एक चर्च बांधायचे होते. हाताशी पैसा फार थोडा. पेरे यांनी १९२२-२३मध्ये ते पूर्णपणे काँक्रीटमध्ये बांधले आणि या वेळी त्यावर ना गिलावा दिला, ना फरशी लावली. सुमारे ११ मीटर उंचीचे बारीक खांब, वर पातळ कमानदार छत आणि चारी बाजूंना रंगीत काचा बसवलेल्या काँक्रीटच्या जाळ्या. ओतकामाच्या फळ्यांचे वळ अंगावर तसेच ठेवून काँक्रीट प्रथमच देवळात उजळ माथ्याने उभे राहिले. काटकसरीतून आलेला हा निर्णय पुढे तत्त्व बनला.

त्यानंतरच्या दोन दशकांत पेरे यांनी काँक्रीटच्या पृष्ठभागाचे एक शास्त्रच घडवले. साध्या काँक्रीटचा करडा रंग हा वरवरच्या सिमेंटच्या पातळ थराचा असतो. साचा काढल्यानंतर हा थर दातेरी हातोड्याने ठोकून काढला की आतील खडी दिसू लागते आणि तिचा रंग इमारतीचा रंग बनतो. त्यामुळे खडी कोणत्या दगडाची, किती आकाराची आणि कोणत्या रंगाची, हे पेरे यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पॅरिसमध्ये १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या सार्वजनिक बांधकाम संग्रहालयाच्या इमारतीत त्यांनी ही पद्धत पूर्णत्वाला नेली. तेथील खांबांवर पाथरवटांनी दगडावर करावे तसे काम केले आहे. बापाने दगड घडवला, मुलाने काँक्रीट ओतून त्याच हातोड्याने ते घडवले. खडी हा काँक्रीटमधील केवळ भरणा नसून त्याचा आत्मा आहे, ही समज येथे पक्की झाली. ती समज कामी येण्याची वेळ मात्र फार मोठ्या संहारानंतर आली.

ल हाव्र हे बंदर १५१७मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने सीन नदीच्या मुखाशी वसवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्याचा किल्ला केला. दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्यानंतर हे बंदर ताब्यात घेणे त्यांना आवश्यक वाटले. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी शहराच्या मध्यभागावर प्रचंड बॉम्बवर्षाव केला. सप्टेंबरमधील या हल्ल्यांत सुमारे २,००० नागरिकांचा बळी गेला. १२ सप्टेंबरला शहर मुक्त झाले, तेव्हा त्याच्या मध्यभागी सुमारे १५० हेक्टरवर केवळ ढिगारे उरले होते. युद्धकाळात सुमारे १२,५०० इमारती नष्ट झाल्या होत्या आणि ८०,००० लोक बेघर झाले होते. ज्यांनी मुक्त केले त्यांच्याच बॉम्बनी घर गेले आणि माणसेही गेली. त्यामुळे ल हाव्रच्या लोकांना मुक्तीचा आनंद कधी निर्भेळ लाभला नाही.

पुनर्निर्माण मंत्री राऊल दोत्री यांनी १९४५मध्ये ल हाव्रचे काम पेरे यांच्याकडे सोपवले. पेरे यांनी जाक तूर्नां, आंद्रे एर्मां, प्येर-एदुआर लांबेर आदी शिष्यांना आणि सहकाऱ्यांना एकत्र करून स्वतंत्र कार्यशाळा स्थापन केली. त्यांची पहिली कल्पना धाडसी होती. संपूर्ण शहर जुन्या जमिनीपासून साडेतीन मीटर उंच अशा काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभारावे आणि पाणी, वीज, सांडपाणी यांचे जाळे खालच्या पोकळीतून न्यावे, असा हा प्रस्ताव होता. पाणथळ जमीन आणि वारंवार खोदले जाणारे रस्ते यांवर तो तोडगा होता. पण युद्धाने थकलेल्या फ्रान्सकडे एवढे सिमेंट नव्हते, एवढे पोलादही नव्हते. प्रस्ताव फेटाळला गेला.

सिमेंट कमी, पोलाद कमी, वाहतूक विस्कळीत आणि माणसे बराकींमध्ये. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या छावण्यांतही बेघर कुटुंबे दिवस काढत होती. अशा शहरात एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे ढिगारे. दुरून खडी आणायची, तर वाहने आणि इंधन हवे. ढिगारे दूर नेऊन टाकायचे, तरी वाहने आणि इंधन हवेच. जो माल हलवायचा तोच वापरला, तर दोन्ही फेऱ्या वाचतात. राडारोड्याच्या पुनर्वापराचे हे गणित आजही तसेच आहे. शहराचा काही राडारोडा सखल जमिनीच्या भरावाला गेला, तर काही फोडून, चाळून नव्या काँक्रीटची खडी म्हणून वापरला गेला.

जुन्या ल हाव्रमध्ये काँक्रीट थोडेच होते. शहर विटांचे, दगडांचे आणि लाकडाचे होते. त्यामुळे तेथे घडले ते आजच्या अर्थाने काँक्रीटपासून काँक्रीट नव्हे, तर पडक्या भिंतींपासून काँक्रीट. ही कल्पना तशी पुरातन आहे. रोमन गवंडी चुन्यात विटांचा चुरा घालत आणि आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या बांधकामात सुरखी याच नात्याने येत असे. युद्धोत्तर जर्मनीतही उद्ध्वस्त शहरांच्या विटा फोडून काँक्रीट बनवले गेले आणि त्यासाठी १९५१मध्ये स्वतंत्र मानकही तयार झाले. हे काम दिसते तितके सोपे नसते. ढिगाऱ्यातील लाकूड, लोखंड आणि माती वेगळी करावी लागते. गिलाव्यातील जिप्सम काँक्रीटमध्ये राहिले, तर ते कालांतराने आतून फुगते आणि तडे पाडते. विटेचा तुकडा आणि जुन्या मसाल्याचे कण नव्या खडीपेक्षा जास्त पाणी शोषतात. त्याचा हिशेब न ठेवता पाणी घातले, तर मिश्रण एक तर कोरडे पडते किंवा कमकुवत होते. निवडणे, फोडणे, चाळणे आणि पाण्याचे प्रमाण सांभाळणे, या चार पायऱ्यांवर कचऱ्याचा माल होतो.

ल हाव्रमध्ये या मालाला पेरे यांच्या पद्धतीची जोड मिळाली. इतर कोणा स्थपतीने ढिगाऱ्याची खडी गिलाव्याआड लपवली असती. पेरे यांच्या वास्तूंत खडी लपत नाही. हातोड्याने पृष्ठभाग उघडला की आतील कण दिसतात. विटकरी, पिवळसर, मातकट अशा छटांचे काँक्रीट खांबांसाठी, तुळयांसाठी आणि भिंतींच्या फलकांसाठी वेगवेगळे योजले गेले. दुरून करडे दिसणारे ल हाव्र जवळून पाहिल्यावर अनेकरंगी वाटते, त्याचे हे कारण आहे.

संपूर्ण रचनेला एकच माप होते, ६.२४ मीटर. तुळईची लांबी किफायतशीर ठरावी आणि तिला दोन, तीन वा चार भागांत सहज विभागता यावे, म्हणून हा आकडा निवडला गेला. इमारती, चौक, रस्ते या सर्वांना याच मापाची लय आहे. मापे ठरलेली असल्याने खांब, फलक आणि खिडक्यांच्या चौकटी साच्यांतून वारंवार ओतता आल्या. मोजक्या साहित्यात जास्तीत जास्त घरे उभी करण्याचा हा मार्ग होता. नगरभवनासमोरील चौकाभोवतीची पहिली सुमारे ३५० घरे सरकारी खर्चाने याच रीतीने बांधली गेली. त्या घरांना मध्यवर्ती उष्णता होती, स्वयंपाकघर सुटसुटीत होते आणि दोन्ही बाजूंनी उजेड येत होता.

लोकांनी मात्र या शहराचे स्वागत केले नाही. याला कारणे होती. जुने रस्ते, गल्ल्या, कोपऱ्यावरची दुकाने पुसली गेली होती. जमिनींचे एकत्रीकरण करण्यात आल्याने ज्याचे स्वतःचे घर आणि तुकडाभर जमीन होती, त्याला मोबदल्यात सामायिक इमारतीतील सदनिका मिळाली. आपल्या घराच्या जागी दुसऱ्याच कोणाची भिंत उभी राहिलेली त्याला पाहावी लागली. ज्या ढिगाऱ्याखालून आप्तांचे देह काढले, त्याच ढिगाऱ्याची खडी नव्या भिंतीत आहे, हे ज्ञान सर्वांनाच दिलासा देणारे असेल असे नाही. सरळ रस्ते, एकसारख्या खिडक्या आणि समुद्रावरून येणारा वारा यांमुळे हे शहर रुक्ष, थंड आणि परके आहे, अशी तक्रार पुढे कित्येक दशके होत राहिली. सोव्हिएत शहरांशी त्याची तुलना करून त्याची थट्टाही झाली. पेरे यांच्या बाजूनेही उणिवा होत्या. ते हट्टी होते, आपल्या नियमांना मुरड घालणे त्यांना जमत नसे आणि रहिवाशांच्या आठवणींना आराखड्यात कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत बसत नव्हता. साहित्य वाचवता आले, पण गल्लीबोळांची ओळख वाचवता आली नाही.

सन्मान त्यांना परदेशांतूनही मिळाले. १९४८मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक आणि १९५२मध्ये अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक. ल हाव्रचे अखेरचे मोठे काम म्हणजे बॉम्बवर्षावातील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले सेंट जोसेफ चर्च. १९५१मध्ये त्याच्या बांधकामाला सुरुवात झाली. १०७ मीटर उंचीचा त्याचा मनोरा समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना दीपस्तंभासारखा दिसतो. आतून मात्र तो पोकळ आहे. मार्गरीत युरे यांनी घडवलेल्या १२,७६८ रंगीत काचांमधून ऊन झिरपते आणि काँक्रीटचे खांब दिवसभरात अनेक रंग धारण करतात. ही वास्तू पूर्ण झालेली पाहणे पेरे यांच्या नशिबी नव्हते. २५ फेब्रुवारी १९५४ रोजी वयाच्या ८०व्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. चर्चचे काम सहकाऱ्यांनी १९५७मध्ये पूर्ण केले, तर शहराच्या पुनर्निर्माणाची अखेर १९६४मध्ये झाली.

काळाने या शहराकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलली. युनेस्कोने २००५मध्ये पेरे यांनी उभारलेल्या ल हाव्रच्या १३३ हेक्टर भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यानंतर पहिल्या काळातील एक सदनिका तेव्हाच्या सामानसुमानासह पर्यटकांसाठी खुली करण्यात आली. ज्या काँक्रीटला एका पिढीने नाके मुरडली, त्याच काँक्रीटच्या भिंतींवर पुढची पिढी अभिमानाने हात फिरवू लागली.

या चरित्राचा आपल्याशी संबंध कोठे येतो, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. जुन्या इमारती पाडून त्या जागी उंच मनोरे उभारणाऱ्या आपल्या शहरांत दररोज राडारोड्याचे ढीग तयार होत असतात. भारतात २०१६मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आले. त्याच वर्षी खडी-वाळूच्या भारतीय मानकात बदल झाला आणि जुन्या काँक्रीटपासून बनवलेल्या खडीला मान्यता मिळाली. साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, तर एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळयांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत ती वापरता येते. पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये तर संपूर्ण खडी पुनर्वापराची चालते. म्हणजे शास्त्र आहे, मानक आहे, नियमही आहेत. अडते ते बहुधा मनात. पाडलेल्या इमारतीची खडी ही दुय्यम, ती आपल्या घरात नको, हा समज अजून पुसलेला नाही.

ऑग्युस्त पेरे यांच्या आयुष्याचे मोल येथे कळते. त्यांनी राडारोड्याच्या पुनर्वापराचे तंत्र शोधून काढले नाही. टंचाईनेच ते ल हाव्रवर लादले होते. त्यांनी दिला तो मान. पाथरवटाच्या या मुलाने आधी काँक्रीटला दगडाच्या पंगतीत बसवले आणि मग त्याच पंगतीत ढिगाऱ्यालाही पाट मांडून दिला. चांगली वास्तू ती, जिचे भग्नावशेषही सुंदर दिसतात, असे ते मानत. ल हाव्रने त्यात आपली भर घातली. भग्नावशेष नीट निवडले, फोडले आणि चाळले, तर त्यांतून पुन्हा माणसे राहू शकतील अशी घरे उभी राहतात.